'ढ' कोणाला म्हणता?

मराठी शाळेत पोराला नापास करायला परीक्षेची गरज नसते. गुरुजींनी एकदा 'ढ' म्हटले की निकाल लागला. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत 'ढ' हे अक्षर जवळजवळ तसेच राहिले, म्हणून काही केल्या न बदलणाऱ्या पोराला 'ढ' म्हणू लागले, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, या एका अक्षराने किती पोरे शेवटच्या बाकावरून थेट वीटभट्टीवर नि मजूर अड्ड्यावर पोहोचवली, याचा हिशेब कोणी ठेवला? पोर आपल्या वस्तीतले असेल तर आणखी एक शेरा तयारच असतो, 'यांच्यात शिक्षणच नाही!' म्हणजे चूक एका मुलाची, शिक्षा सगळ्या जातीला.

या मुलांपैकी काहींना अध्ययन अक्षमता असते. बुद्धी शाबूत असते, पण वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांपैकी कुठेतरी अडते. डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिस्कॅल्क्युलिया ही त्यांची वैद्यकीय नावे. इतिहासाचा धडा तोंडी विचारा, मुलगी घडाघडा सांगेल. तेच लिहायला लावा, 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो, वेलांटी उलटी फिरते, जोडाक्षर आले की पेन थांबते. फळ्यावरचे उतरवून होण्याआधी गुरुजी फळा पुसतात, आणि वही कोरी राहिली म्हणून छडी तिलाच!

२००७ साली 'तारे जमीं पर' आला. थिएटरात अनेकांनी डोळे पुसले. पण पडद्यावरचा मुलगा इंग्रजी शाळेतला, सुखवस्तू घरातला. त्यामुळे हा श्रीमंतांच्या पोरांचा आजार, असाच अनेकांचा समज झाला. कायद्यालाही ही मुले दिसायला वेळ लागला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ती आली. शाळेने अशी मुले लवकर ओळखावीत, परीक्षेत जादा वेळ द्यावा, लेखनिक द्यावा, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यावी, हे या कायद्याच्या १६ आणि १७ व्या कलमांत स्पष्ट लिहिले आहे.

याला सरकारी भाषेत 'सवलत' म्हणतात. या शब्दाची चव आपल्याला चांगली ठाऊक आहे. 'सवलती घेणारे' हा टोमणा ऐकत आपल्या पिढ्या शिकल्या. कायद्याची कल्पना मात्र वेगळी आहे. तो 'वाजवी सोय' म्हणतो आणि ती करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही लेखनिकाचा प्रश्न समानतेच्या हक्काशी जोडला. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी वर्ग सकाळी ठेवले. पोरांनी वेळापत्रकात बसावे असा हट्ट धरला नाही, वेळापत्रक पोरांसाठी बदलले. त्याला कोणी मेहेरबानी म्हणेल काय?

अशी सोय करू पाहिली की ओरड कोण करते, तेही पाहा. मराठी पोराला 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतो, लिहायचा मात्र आधी दोन. आकड्यांत गोंधळणाऱ्या मुलाची इथेच दांडी उडते. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' अशी वाचनाची सोपी रीत आली. जुने शब्द काढले नव्हते. तरी मराठी बुडाली म्हणून गदारोळ उठला, विधिमंडळातही टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर कारणे सांगत राहिल्या. ज्यांची पोरे या पुस्तकातून शिकतच नव्हती, अशांचाही आवाज त्यात मोठा होता!

आता प्रमाणपत्राचे पाहू. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखनाच्या चाचण्या, इतके झाल्यावर कागद हाती येतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारखी ठिकाणे आहेत. किनवट-धडगावच्या मजूर आईने किती दिवस मजुरी बुडवायची? घरी गोरमाटी किंवा भिली बोलणाऱ्या पोराला प्रमाण मराठीत तपासले, तर काय सापडणार? आणि आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेल्याने ज्याची सहा महिने शाळा बुडते, त्याचे मागे पडणे ही अक्षमता नव्हे. त्याला हा शिक्का मारून शाळेने आपले पाप झाकू नये.

शिवाय बऱ्याच गोष्टींना कागद लागतच नाही. मुलाला पुढे बसवणे, सगळ्या वर्गासमोर वाचायला उभे न करणे, प्रश्न वाचून दाखवणे, उत्तर तोंडी घेणे, विज्ञानाच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण न कापणे, यांना खडूएवढाही खर्च नाही. साठ पोरांच्या वर्गात एकटा शिक्षक काय काय करणार, ही तक्रार खरी आहे. शिक्षक द्या, हे त्याचे उत्तर. पोराला 'ढ' म्हणणे हे उत्तर नव्हे.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली छाननी समिती हवी आणि तिसरीपर्यंत, म्हणजे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, मुलांची छाननी व्हायला हवी. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, त्यांत वंचित घटकांच्या पालकांनाही प्रमाणात वाटा आहे. पुढच्या बैठकीला फक्त सही करून परत येऊ नका. तिसरीच्या किती मुलांची छाननी झाली, कोणी केली, सापडलेल्या मुलांसाठी वर्गात काय बदलले, हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.