खनिजातला पाऊस

पन्हाळ्याहून मसाई पठारावर गेले की पायाखाली काळा कातळ नसतो, तांबूस, भोकाभोकांचा जांभा असतो. मूळचा तोही काळाच. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजला आणि त्यावर लाखो पावसाळे पडले. पाण्याने सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळवून नेले. सहजी न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम जागेवर उरले. राधानगरी, शाहूवाडीच्या सड्यांवरचे बॉक्साइटही याच धुण्यातून आले.

जांभ्यात लोह भरपूर असले, तरी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ओतल्या जाणाऱ्या बिडाचे मूळ त्यात नाही. त्यासाठी हेमॅटाइटसारखे खनिज लागते. असे खनिज घाट उतरल्यावर वेंगुर्ला तालुक्यात रेडीला आणि पुढे गोव्यात डिचोली, सांगे भागात सापडते. तिथला मूळ खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना, लोह आणि सिलिकेचे आलटून पालटून पट्टे असलेला. अशा पट्टेदार खडकात लोह साधारण ३० टक्के. खाणीतून निघणाऱ्या चांगल्या खनिजात ते ६० टक्क्यांच्या आसपास जाते. मग मधली सिलिका नेली कोणी? जांभ्यासारखीच वरून मुरलेल्या पावसाने, की जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या गरम पाण्याने?

प्रश्न पुस्तकी नाही. पावसाने घडवलेले खनिज पावसाचे पाणी पोचले तिथपर्यंतच असते; खाली पुन्हा कठीण, कमी लोहाचा खडक लागतो. गरम पाण्याने घडवलेले खनिज भेगांच्या आधाराने शेकडो मीटर खोल जाऊ शकते. बोअर किती खोल घ्यायचे, खाण किती वर्षे चालेल, याचा हिशेब इथून सुरू होतो.

याचे उत्तर शोधताना समस्थानिकांची मदत होते. समस्थानिक म्हटले की आपल्याला अणुभट्टी किंवा कॅन्सरचे रुग्णालय आठवते. हे त्यातले नव्हेत. हे स्थिर, किरणोत्सर्ग न करणारे. आपण पितो त्या पाण्यातही असतात. ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वजनाचे, पण हजारात साधारण दोन १८ वजनाचे. समुद्राचे पाणी वाफ होऊन उडते तेव्हा हलका ऑक्सिजन असलेले रेणू आधी निघतात. ढगातून थेंब पडताना उलट होते, जड रेणू आधी खाली येतात. म्हणून ढग जसजसा बरसत पुढे जातो तसतसा त्यातला उरलेला ओलावा हलका होत जातो. याउलट खोल जमिनीत तापून खडकाशी दीर्घकाळ सलगी केलेले पाणी खडकातला जड ऑक्सिजन उचलते. त्या त्या पाण्यातून बनलेल्या खनिजात ही खूण कोट्यवधी वर्षे टिकते. काही मिलिग्रॅम भुकटी लेसरने तापवून, फ्लोरिनच्या संयुगाच्या साहाय्याने तिच्यातला ऑक्सिजन सोडवतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जड-हलक्याचे प्रमाण मोजतात. फरक दर हजारी काही एकक एवढाच, पण तो पुरतो.

लोहाचेही असे जड-हलके भाऊ आहेत, प्रामुख्याने ५४ आणि ५६ वजनाचे. पाण्यात विरघळलेले लोह गंजून खाली बसते तेव्हा गंजात जड लोहाचा वाटा वाढतो. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या प्राचीन समुद्रात मूळचे पट्टे कसे साचले, ते यावरून वाचता येते.

ब्राझीलमधील कराजास आणि ऑस्ट्रेलियातील हॅमर्सली या प्रचंड साठ्यांत मूळ खडकापेक्षा खनिजातला ऑक्सिजन हलका आढळला. याचा अर्थ आभाळाचे पाणी तिथेही पोचले होते. मात्र एवढ्यावरून ‘पावसाने घडवले’ असा शिक्का मारणे घाईचे ठरेल. पावसाचेच पाणी भेगांतून खोल उतरून तापू शकते. शिवाय लोहाच्या ऑक्साइडवरून तापमानाचा नीट अंदाज लागत नाही. त्यासाठी शेजारच्या शिरांतल्या क्वार्ट्‌झमध्ये अडकलेले पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे तपासावे लागतात. आणखी एक गुंता: पावसाने फक्त सिलिका धुऊन नेली असेल, तर मागे राहिलेल्या हेमॅटाइटमध्ये जुनाच ऑक्सिजन राहतो. पावसाची खरी सही असते नव्याने बनलेल्या पिवळट-तपकिरी गोएथाइटवर.

गोव्यातल्या साठ्यांची ठेवण मात्र पावसाकडेच बोट दाखवते. वर जांभा, त्याखाली मुठीत चुरगळणारी खनिजाची भुकटी, आणि त्याखाली न धुतला गेलेला कठीण पट्टेदार खडक. भूवैज्ञानिक हे साठे जांभ्याच्या घडणीशी जोडतात ते यामुळेच.

आणि इथेच गावाचा संबंध येतो. सिलिका गेल्यावर उरलेली पोकळी रिकामी राहत नाही, ती पाण्याने भरते. गोव्यातला भुकटीचा थर हा खनिजाचा साठा आहे तसाच भूजलाचाही. खनिज काढण्यासाठी खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की पंप लावून पाणी उपसावे लागते, आणि आजूबाजूच्या विहिरी खाली जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबवल्या आणि २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्या. वाद प्रामुख्याने बेकायदा उत्खनन आणि लीजच्या नूतनीकरणाचा होता. पण खाणी बंद पडल्यावर त्यांचे खड्डे पाण्याने भरले, आणि उन्हाळ्यातल्या टंचाईत त्याच खड्ड्यांतले पाणी नदीत सोडून नळांना पुरवण्याची वेळ गोव्यावर आली.