कूलरचा पंप जळतो की नुसता अडकतो?

होळी झाली की आपल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात घराघरांतून कूलर बाहेर निघतात. जुन्या ताट्या काढायच्या, नवं गवत भरायचं, टाकी घासायची आणि पिन लावायची. पंखा फिरतो, पण ताट्यांवरून पाणी काही उतरत नाही. “पंप गेला वो बाई,” म्हणून आपण दुकानात जातो आणि त्यातल्या त्यात स्वस्त पंप घेऊन येतो. मे लागेपर्यंत तोही गेलेला असतो. अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ च्या आसपास असताना घरात बाळंतीण असेल, म्हातारी सासू असेल, तर पंप बंद पडणं ही लहान गोष्ट राहत नाही.

गटाच्या बैठकीत आम्ही बायांना सांगितलं होतं, गेलेले पंप भंगारात देऊ नका, घेऊन या. मग एका दुपारी वायरमन दादांना बसवून ते सगळे उघडून पाहिले. बरेचसे जळालेले नव्हतेच. ते अडकलेले होते. आजचं बोलणं त्याच्यावरच आहे, कारण अडकलेला पंप दहा मिनिटांत सुरू होतो, आणि अडकलेला पंप तसाच चालू ठेवला तर तो जळतो आणि कधीकधी जीवही घेतो.

आधी पंपाच्या पोटात काय आहे ते पाहू. मोठ्या मोटारीसारखं त्यात काही नसतं. तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेचं वेटोळं असतं, त्याला वायरमन कॉइल म्हणतात. ती कॉइल घट्ट होणाऱ्या रसायनात ओतून कायमची बंद केलेली असते, म्हणजे पाणी आत जाऊ नये. मधे एक पोकळ खळगा असतो आणि त्या खळग्यात लोहचुंबकाचा एक छोटा लोळ्या बसतो. त्याच्या टोकाला पाकळ्यांची चक्री असते. कॉइलमध्ये वीज आली की चुंबक गरगर फिरतो आणि चक्री पाणी वर ढकलते. बस, इतकंच. फिरणारा भाग आणि विजेचा भाग यांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्या हिशेबाने हा चुंबक मिनिटाला सुमारे ३००० फेरे मारतो. त्याला ना तेल लागतं ना ग्रीस. पाणी हेच त्याचं तेल आणि पाणीच त्याला थंड ठेवतं.

चुंबक आणि खळगा यांच्यात जागा अगदी थोडी असते. गवताची एक काडी, वाळ्याचा एक धागा किंवा क्षाराचा पातळ थर तिथे बसला की फिरणं थांबलं. पण वीज थांबत नाही. कॉइल तापत राहते. पंपाला कान लावायची गरज नाही, दोन हातांवरूनही ऐकू येतं: नुसतं गुंऽऽ असं घुमणं किंवा खरखर, आणि पाणी नाही. गावात व्होल्टेज फार उतरलं तरीही असाच आवाज येतो, चुंबकाला सुरुवातीचा झटका मिळत नाही म्हणून. हा आवाज आला की पिन काढायची. “थोड्या वेळानं होईल चालू” म्हणून ठेवायचं नाही.

क्षार येतो कुठून? आपल्याच पाण्यातून. आपली जमीन काळ्या खडकाची, विहिरी-बोअरच्या पाण्यात चुन्याचा अंश असतोच. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-भातकुलीकडे, तर पाणीच खारं. पिण्याच्या पाण्याच्या सरकारी मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं. आता समजा तुमचं पाणी त्या ६०० वालं आहे आणि कूलर दिवसाला ४० लिटर पाणी पितो. पाणी वाफ होऊन उडून जातं, क्षार मात्र उडत नाही. दिवसाला २४ ग्रॅम मागे राहिला. महिन्याला ७२० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाऊण किलो. तो ताट्यांवर पांढरा दिसतो, टाकीच्या काठावर दिसतो आणि पंपात बसतो तेव्हा मात्र दिसत नाही. आपण वरून नुसती भर घालत जातो, त्यामुळे टाकीतलं पाणी रोज आणखी खारं होत जातं. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, नवं पाणी भरायचं. ते काढलेलं पाणी ओट्यावर, अंगणात शिंपडायला चालतं, रोपांना मात्र रोज घालू नका. याचा दुसरा फायदा आशाताई तुम्हाला सांगतच असतात. डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

मुंबई-पुण्याकडे काही हौशी लोक घरात काचेच्या टाकीत समुद्रासारखं खारं पाणी करून त्यात रंगीत मासे आणि प्रवाळ पाळतात. ऐकायला नवल वाटेल, पण त्यांच्या टाकीतला पंप आणि आपला कूलरचा पंप सख्खे भाऊ आहेत. तोच चुंबक, तीच चक्री. त्यांचं पाणी आपल्याहून कितीतरी खारं, आणि पंप थांबला तर पाण्यात हवा मिसळत नाही, काही तासांत मासे गुदमरायला लागतात. त्यामुळे स्वस्त पंपावर भरवसा ठेवणं त्यांना परवडत नाही. ते काय करतात? पंप बंद पडायची वाट न पाहता ठरलेल्या दिवशी काढून व्हिनेगरमध्ये भिजवतात. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी खारं नाही, गोडं पाणी घालतात. आणि एक पंप कायम जास्तीचा घरात ठेवतात. माशांसाठी एवढं करतात, मग आपल्या घरच्या माणसांसाठी आपण का करू नये?

तर पंप धुवायचा कसा ते ऐका. बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून बाहेर काढा. काही घरांत बटण चुकीच्या वायरवर बसवलेलं असतं, मग बटण बंद असूनही पंपापर्यंत वीज असते. पंप टाकीतून काढा. समोरची जाळी बोटाने ओढली की निघते, तिच्यामागचं झाकण निघतं, आणि चक्रीला धरून ओढलं की चुंबक बाहेर येतो. चुंबकाच्या मधल्या दांड्याच्या टोकांना रबराचे बारके गोळे असतात. ते मोरीत वाहून गेले तर पंप खडखड करतो, म्हणून ताटात काम करा. सरबतात घालतो ते लिंबूसत्त्व एक मोठा चमचा, लिटरभर कोमट पाण्यात विरघळवायचं आणि सुटे केलेले भाग दोन-तीन तास भिजत ठेवायचे. त्यात पांढरं व्हिनेगरही चालतं. बुडबुडे येतील, तो क्षार सुटतोय. पंपाचा खळगा त्याच पाण्याने जुन्या दातांच्या ब्रशने घासायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि पुन्हा बसवायचं. बोटाने चक्री सहज फिरली पाहिजे. संडास धुवायचं अॅसिड वापरू नका. त्याने दांडा खातो, पत्र्याच्या टाकीचं जस्त खातो, आणि ब्लीचिंगशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू निघतो.

खारपाणपट्ट्यात हे पंधरा दिवसांनी, आपल्याकडे महिन्याने केलं तरी पुरतं. शिवाय पंप टाकीच्या तळाला टेकवू नका, अर्ध्या विटेवर ठेवा, म्हणजे गाळ ओढणार नाही. त्याच्याभोवती मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा सैल बांधा. फार घट्ट बांधलं तर पाणीच मिळत नाही.

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला त्याकडे येऊ. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, त्यात पाणी भरणाऱ्या बाया आणि खेळणारी लेकरं असतात. महावितरणही उन्हाळा आला की याबद्दल सावध करत असतं. अडकून तापलेल्या पंपाच्या रसायनाला चीर पडते, किंवा वायर जिथे पंपात शिरते तिथलं रबर कडक होऊन फाटतं. पाणी आत जातं, वीज बाहेर येते. खाऱ्या पाण्यातून तर वीज आणखी सहज वाहते. पंखा चालूच असतो, कूलर चांगला दिसतो, पण पत्रा जिवंत झालेला असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईचा हात लागायचाच बाकी असतो.

याला पहिला आधार अर्थिंग. बोर्डाला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका. कित्येक घरांत मोठ्या भोकामागे वायरच नसते. कुठे तर त्यात न्यूट्रलच जोडून दिलेला असतो, आणि तो न्यूट्रल तुटला की सगळा कूलर करंट मारतो. स्वस्त पंपाला बहुतेक वेळा दोनच वायरी असतात, म्हणून कूलरच्या पत्र्याला वेगळी अर्थिंगची वायर स्क्रूने घट्ट बसवलेली पाहिजे. अर्थिंगचा खड्डाही तपासा. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आणि कोरड्या खड्ड्यातून वीज जमिनीत नीट जात नाही. दोन-चार दिवसांनी त्यात बादलीभर पाणी ओतायचं. दुसरा आधार आरसीसीबी नावाचं यंत्र, मीटरजवळ बसतं. ३० मिलिअँपिअरवालं मागायचं. वीज भलत्या वाटेने गेली की ते क्षणात पुरवठा तोडतं. साध्या फ्यूजला किंवा नेहमीच्या एमसीबीला हे जमत नाही, ते वायर वाचवतात, माणूस नाही. आमच्या मते नवा कूलर घ्यायच्या आधी हे घ्यावं.

पाणी भरताना पिन बाहेर, हा नियम लेकरांनाही शिकवा. टेस्टर पत्र्याला लावून पेटला तर कूलर लगेच बंद. पण पेटला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. प्लॅस्टिकचा कूलर असला तरी पाण्यात हात घालायचा नाही, करंट पाण्यातही असतो. आणि कोणाला शॉक लागून चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. ते जमलंच नाही तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा, मग १०८ ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरजोरात, भराभर दाबत राहायचं. हे उपकेंद्रात एकदा शिकून घ्या, ऐकून हाताला येत नाही.

पंपाला चीर दिसली, पोट फुगलं, वायर सोलली, तर तो दुरुस्त करायचा नाही. पाण्याखाली चिकटपट्टी कामाची नाही. त्याची वायर कापूनच भंगारात द्या, नाहीतर कोणीतरी पुन्हा लावेल.

नवा घेताना डब्यावरच्या आकड्याला भुलू नका. ‘६ फूट’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ६ फुटांवर पाणी जेमतेम पोचतं, तिथे वाहत नाही. कूलर ४ फूट उंच असेल तर ६ पेक्षा जास्त फुटांचा घ्या. दुकानदाराला बादलीत लावून दाखवायला सांगा, नळी कूलरइतकी उंच धरा आणि लिटरभर भांडं किती वेळात भरतं ते मोजा. वायर जाड आणि एकसंध हवी, आयएसआयची खूण असलेला मिळाला तर उत्तम. डब्यावर ‘कॉपर’ लिहिलेलं असतं, पण आत पाहता येत नाही, म्हणून पक्कं बिल आणि निदान एका मोसमाची वॉरंटी लिहून घ्या. बिल द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊच नये.

रात्रीची गोष्ट राहिली. टाकी मध्यरात्री रिकामी होते आणि पंप सकाळपर्यंत कोरडा फिरतो. पंपाला पंख्याहून वेगळं बटण करून घ्या. ताट्या चिंब झाल्या की पंप थोडा वेळ बंद ठेवला तरी गारवा टिकतो, पाणीही वाचतं. झोपताना टाकी भरलेली नसेल तर पंप बंद करूनच झोपा.

काही गटांनी या वर्षी आपल्या पैशातून एक-दोन तपासलेले पंप घेऊन ठेवले आहेत. ज्या घरी बाळंतीण किंवा आजारी माणूस आहे तिथला पंप अडकला की तो द्यायचा, त्यांचा धुऊन चालू झाला की परत घ्यायचा. नोंद वहीत. मृगाचा पाऊस पडला की सगळ्यांचे पंप एकाच दिवशी धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून, फडक्यात गुंडाळून ठेवायचं ठरलं आहे. डब्यावर घराचं नाव लिहा, म्हणजे पुढच्या होळीला कोणता कोणाचा याची शोधाशोध नको.