आंब्याचे कलम घेताना आधी एक चिरून पाहा



उसाच्या अंकात आंबा कशाला, असे कुणी म्हणेल. पण हल्ली आमच्या गट ऑफिसांत बेण्याच्या चौकशीइतकीच हापूसच्या कलमांची चौकशी होते. बांधावर, माळाच्या तुकड्यावर लावायला देवगडकडची कलमे टेंपो भरभरून घाट चढतात. त्यांतली काही पहिल्या दोन वर्षांतच शेंड्याकडून वाळत येतात. सभासद म्हणतात, "हवा मानवली नाही." कधी कधी ते खरेही असते. पण पुष्कळ वेळा रोग कलमाबरोबरच घरी आलेला असतो.

उसात हे आपल्याला नवे नाही. काणी लागलेल्या प्लॉटातले बेणे नेले की काणी नव्या रानात जाते, म्हणून आपण बेणेमळा वेगळा ठेवतो आणि मूलभूत बेण्याला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया देतो. आंब्याचे कलम हेही बेणेच. फरक इतकाच, की उसाचे बेणे फसले तर वर्ष-दीड वर्ष जाते. कलम फसले तर पाच-सहा वर्षांनी, फळाच्या वेळेला कळते.

या रोगाला फांदीमर म्हणतात. लॅसिओडिप्लोडिया नावाची बुरशी तो करते. हीच बुरशी द्राक्षाच्या खोडातही सापडते. ती जखमेतून आत शिरते आणि झाड जोमात असेपर्यंत गप्प बसून राहते. झाडाला पाण्याचा ताण पडला, ऊन तापले की डोके वर काढते. पाने तपकिरी होऊन कडा वर वळतात, काडी शेंड्याकडून खाली वाळत येते, कुठे कुठे डिंक येतो. काडी उभी चिरली तर आत तपकिरी रेघ दिसते. लाल कूज झालेला ऊस चिरून पाहतो, तसेच हे.

आम्ही जामसंडे भागात काही रोपवाटिका पाहिल्या. तिथे कोयकलम करतात. बाठ्यातून उगवलेले आठ-पंधरा दिवसांचे कोवळे रोप कापून, त्यात हापूसच्या काडीची पाचर बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतात. हा हंगाम जून-जुलैचा, म्हणजे ऐन पावसाचा. हवा दमट, जखम ताजी आणि एकाच चाकूने शेकडो कलमे. चांगला कलम बांधणारा काडी कुठल्या झाडाची, हे आधी पाहतो आणि चाकू पुन्हा पुन्हा निर्जंतुक करतो. घाई करणारा जिथे मिळेल तिथली काडी तोडतो. वाळत चाललेल्या झाडाची काडी बाहेरून हिरवीच दिसते. युरोपात द्राक्षाच्या काड्या ५० अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा तास बुडवतात, आपण उसाची टिपरी तेवढ्याच गरम पाण्यात दोन तास ठेवतो. आंब्याच्या काडीला असा उपचार रूढ नाही. तिथे सगळी भिस्त काडीच्या निवडीवर आणि हाताच्या स्वच्छतेवर.

म्हणून शंभर कलमे घ्यायची तर त्यांतली दोन विकत घेऊन तिथल्या तिथे जोडावर उभी चिरा. आत एकसारखा पांढरट-हिरवट रंग असावा. काळी-तपकिरी रेघ दिसली तर तो लॉट सोडा, स्वस्त असला तरी सोडा. दोन कलमांचे पैसे गेले म्हणून जीव हळहळतो, पण अठ्ठ्याण्णव खड्ड्यांची मजुरी वाचते. मातृवृक्ष दाखवा म्हटल्यावर जो आढेवेढे घेतो, त्याच्याकडून न घेतलेलेच बरे.

लावताना जोड जमिनीच्या वर वीतभर राहू द्या, पट्टी कापून काढा. उसाच्या बांधालगत लावलेल्या कलमाला प्रत्येक पाळीचे पाणी मिळून बुंधा सतत ओला राहतो, तेही वाईट. कलम उंचवट्यावर असावे.

शेंडा वाळू लागलाच तर कोरड्या दिवशी, वाळलेल्या भागाच्या खाली तीन इंच निरोगी भागात कापा आणि कापलेली काडी जाळा. कापावर बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओता. लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी पडला. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

आणखी एक फसगत सांगायची राहिली. वरची हापूसची काडी मरते आणि जोडाच्या खालून धुमारा जोरात येतो. मालक खूश, कलम वाचलं! ते कलम नव्हे, रायवळ आहे. मात्र हा खालचा धुमारा निरोगी असेल तर उपटू नका. पावसाळ्यात त्यावरच जागेवर हापूसची चांगली काडी बांधता येते. त्याला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. बांधणारा माणूस मिळत नसेल तर मेअखेरपर्यंत आपल्या गटाच्या चिटबॉयकडे नाव व झाडांची संख्या द्यावी.