मार्जार-रहस्यकथा
मार्जार-रहस्यकथा : पाळीव मांजराच्या साहाय्याने एखादी हौशी व्यक्ती खुनाचा छडा लावते, अशा कथानकाची रहस्यकथा. सौम्य रहस्यकथा ह्या वाङ्मयप्रकाराची ही एक लोकप्रिय शाखा असून तिचा विकास मुख्यतः अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. सौम्य रहस्यकथेला इंग्रजीत ‘कोझी’ म्हणजे ऊबदार, निवांत असे विशेषण लावतात. खुनासारख्या भीषण घटनेची कथा ऊबदार कशी होऊ शकते आणि तीत मांजराचे नेमके कार्य कोणते, हे ह्या प्रकाराच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न होत.

स्वरूप : सौम्य रहस्यकथेच्या केंद्रस्थानी खून असला, तरी तो बहुधा प्रत्यक्ष दाखविला जात नाही. रक्तपात, क्रौर्य व उघड लैंगिक वर्णने टाळलेली असतात. कथेचे स्थळ म्हणजे सामान्यतः एखादे खेडे किंवा लहान गाव. तेथे सर्व जण एकमेकांना ओळखतात आणि संशयितांची संख्या मर्यादित असते. शोध करणारी व्यक्ती पोलीस खात्यातील नसते. ती ग्रंथपाल, पत्रकार, दुकानदार, टपाल कार्यालयातील कर्मचारी किंवा निवृत्त शिक्षिका असते. अशा व्यक्तीला झडती घेण्याचा, जबानी नोंदविण्याचा वा अटक करण्याचा अधिकार नसतो. माणसांची पारख, गावातील ओळखीपाळखी, सहज चाललेल्या गप्पा आणि सूक्ष्म निरीक्षण हीच तिची साधने होत.

मांजर ही हौशी शोधकाला साजेशी सोबत आहे. कुत्रा आज्ञाधारक असतो व पोलीस तपासात त्याचा रीतसर उपयोग केला जातो. मांजर मात्र कोणाच्या हुकमात नसते. कुंपण, खिडकी वा पोटमाळा त्याला अडवू शकत नाही. ते रात्री हिंडते, घरातील बारीकसारीक बदल चटकन ओळखते आणि त्याच्यासमोर बोलताना कोणी सावध राहत नाही. अधिकार नसलेल्या शोधकाला जेथे जाता येत नाही, तेथे मांजराचा सहज प्रवेश होतो. ते सर्व पाहते, पण साक्ष देऊ शकत नाही. ह्या मूक साक्षीदाराच्या वर्तनाचा अर्थ लावण्याची जबाबदारी माणसावर पडते, आणि ह्या प्रकारातील बहुतेक कथांची उभारणी त्यावरच झालेली आहे.

पूर्वपीठिका : प्राण्याच्या वर्तनावरून गुन्हा उघडकीस येण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो (१८०९–४९) ह्याच्या ‘द ब्लॅक कॅट’ (१८४३) ह्या कथेत खुनी आपल्या पत्नीचे प्रेत तळघरातील भिंतीत चिणतो. तिच्याबरोबर चिणल्या गेलेल्या मांजराच्या आक्रोशामुळे पोलिसांना प्रेताचा पत्ता लागतो. ही भयकथा आहे. परंतु खुनाला वाचा फोडणारे मांजर तीत प्रथमच ठळकपणे अवतरते. आर्थर कॉनन डॉइल (१८५९–१९३०) ह्याच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) ह्या कथेत रात्री घोडा पळविला जात असता तबेल्यातील कुत्रा भुंकला नाही, एवढ्यावरून शेरलॉक होम्स चोर परिचित असल्याचे अनुमान काढतो. येथे प्राणी काहीच करीत नाही. त्याचे न करणे हाच धागा ठरतो. पुढील मार्जार-रहस्यकथांना हे तंत्र फार उपयोगी पडले.

हौशी शोधक स्त्रीची परंपराही एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली. ॲना कॅथरिन ग्रीन (१८४६–१९३५) ह्या अमेरिकन लेखिकेच्या ‘दॅट अफेअर नेक्स्ट डोअर’ (१८९७) ह्या कादंबरीतील ॲमेलिया बटरवर्थ ही चौकस प्रौढ कुमारिका शेजारच्या घरातील मृत्यूचा शोध घेते. ह्या परंपरेला परिणत रूप दिले ते ॲगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) ह्या इंग्रज लेखिकेने. तिची मिस मार्पल १९२७ मध्ये एका लघुकथेत आणि १९३० मध्ये ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ ह्या कादंबरीत अवतरली. सेंट मेरी मीड ह्या काल्पनिक खेड्यात राहणारी ही वृद्धा खेड्यातील क्षुल्लक प्रसंगांशी तुलना करून मोठ्या गुन्ह्यांमागील मानवी स्वभाव ओळखते. ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांचे मराठीतही अनुवाद झाले असून सौम्य रहस्यकथेचा मराठी वाचकाला झालेला परिचय बराचसा त्यांच्याद्वारे झालेला आहे.

दोन महायुद्धांमधील काळात रहस्यकथेचे नियमही सांगितले गेले. रॉनल्ड नॉक्स (१८८८–१९५७) ह्या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये दहा नियम मांडले. अद्‌भुत वा दैवी शक्तीचा आधार घेऊ नये. अपघाताने किंवा अकारण स्फुरलेल्या अंतःप्रेरणेने शोधकाला यश मिळू नये. त्याला सापडलेले धागे वाचकापासून लपवू नयेत, हे त्यांतील काही नियम. वाचकाला शोधकाइतकीच संधी मिळाली पाहिजे, हे त्यांचे सार होय. १९३० मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लब ह्या लेखकसंस्थेनेही हाच आग्रह धरला. जी. के. चेस्टरटन हा तिचा पहिला अध्यक्ष होता.

विकास : डोलोरेस हिचन्स (१९०७–७३) ह्या अमेरिकन लेखिकेने डी. बी. ओल्सन ह्या टोपणनावाने लिहिलेली ‘द कॅट सॉ मर्डर’ (१९३९) ही ह्या प्रकारातील एक आरंभीची कादंबरी. तीत रेचेल मर्डॉक ही सत्तरीची स्त्री आपल्या समँथा नावाच्या मांजरीसह समुद्रकाठच्या एका वसतिगृहात जाते आणि तेथे घडलेल्या खुनाचा शोध घेते. रिचर्ड व फ्रान्सिस लॉकरिज ह्या दांपत्याच्या ‘द नॉर्थ्‌स मीट मर्डर’ (१९४०) पासून सुरू झालेल्या मालेतही नायक-नायिकेच्या घरी मांजरे आहेत. परंतु तेथे ती मुख्यतः गृहजीवनाचा भाग म्हणून येतात.

ह्या शाखेला स्वतंत्र ओळख मिळाली ती लिलियन जॅक्सन ब्राऊन (१९१३–२०११) ह्या लेखिकेमुळे. ती ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ ह्या वृत्तपत्रात सुमारे तीस वर्षे काम करीत होती. तिचे आवडते सयामी मांजर दहाव्या मजल्यावरून पडून मृत्यू पावले. ह्या दुःखातून तिने लिहिलेली ‘द सिन ऑफ मॅडम फ्लॉय’ ही कथा १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर ‘द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्‌स’ (१९६६) ही तिची पहिली कादंबरी आली. तिचा नायक जिम क्विलरन हा अनुभवी पत्रकार आहे. त्याला वृत्तपत्रात कलाविषयक लेखनाचे काम मिळते आणि तो एका कलासमीक्षकाच्या घरात भाडेकरू म्हणून राहू लागतो. समीक्षकाचा खून होतो व त्याचे को-को हे सयामी मांजर क्विलरनकडे येते. तेराव्या शतकातील एका चिनी चित्रकाराचे नाव ह्या मांजराला दिलेले आहे. पुढील कादंबरीत यमयम ही मांजरी त्याच्या जोडीला येते.

पहिल्या तीन कादंबऱ्या १९६८ पर्यंत प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर हिंसा व लैंगिकता ह्यांना प्रकाशनव्यवसायात मागणी वाढल्याने तिच्या लेखनाला अठरा वर्षे वाव मिळाला नाही. १९८६ मध्ये ‘द कॅट हू सॉ रेड’ प्रसिद्ध झाली आणि मालेचे पुनरुज्जीवन झाले. २००७ पर्यंत तीत एकूण २९ कादंबऱ्या निघाल्या. नंतरच्या कादंबऱ्या मूस काउंटी ह्या उत्तरेकडील काल्पनिक प्रदेशात घडतात. ह्याच सुमारास ‘मर्डर, शी रोट’ (१९८४–९६) ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका लोकप्रिय होती. तिची नायिका लहान गावात राहणारी रहस्यकथालेखिका आहे. १९८९ पासून अमेरिकेत भरणाऱ्या ‘मॅलिस डोमेस्टिक’ ह्या संमेलनात सौम्य परंपरेतील लेखनाला ख्रिस्तीच्या नावाचे पुरस्कार दिले जातात.

प्रकार : मांजराला दिलेल्या सामर्थ्यानुसार ह्या कथांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात मांजर मूक असते. को-को फडताळावरून एखादे पुस्तक खाली पाडतो, विशिष्ट वस्तूजवळ घुटमळतो किंवा विलक्षण आवाजात ओरडतो. त्या पुस्तकाचे नाव वा त्या वस्तूचे स्थान ह्यांतून क्विलरनला धागा गवसतो. मांजराने हे जाणूनबुजून केले की तो योगायोग होता, हे लेखिका संदिग्ध ठेवते. मिरँडा जेम्स ह्या टोपणनावाने लिहिलेल्या ‘मर्डर पास्ट ड्यू’ (२०१०) पासूनच्या मालेतील डीझेल हे मेन कून जातीचे मोठे मांजर ह्याच प्रकारातील. चार्ली हॅरिस ह्या ग्रंथपालाला त्याची प्रामुख्याने सोबत लाभते.

दुसऱ्या प्रकारात प्राणी परस्परांशी बोलतात, परंतु माणसांना त्यांची भाषा कळत नाही. रिटा मे ब्राऊन (१९४४– ) हिची ‘विश यू वेअर हिअर’ (१९९०) ही कादंबरी ह्याचे ठळक उदाहरण. ह्या मालेच्या मुखपृष्ठांवर लेखिकेच्या स्नीकी पाय ह्या मांजरीचे नाव सहलेखिका म्हणून छापले जाते. व्हर्जिनिया राज्यातील क्रोझे गावच्या टपाल कार्यालयाची प्रमुख असलेली नायिका, तिची मिसेस मर्फी ही मांजरी आणि टी टकर ही कुत्री ही त्यातील प्रमुख पात्रे. प्राण्यांना जे ठाऊक आहे ते वाचकालाही ठाऊक असते, नायिकेला मात्र नसते. त्यामुळे उत्कंठेबरोबर विनोदही साधतो.

तिसऱ्या प्रकारात मांजर मानवी भाषेचे धनी होते. शर्ली रूसो मर्फी हिच्या ‘कॅट ऑन द एज’ (१९९६) ह्या कादंबरीत जो ग्रे हा बोका खून होताना पाहतो आणि त्याच सुमारास आपल्याला बोलता येते, हे त्याच्या ध्यानात येते. पुढे तो निनावी दूरध्वनी करून पोलिसांना माहिती पुरवितो. कॅरोल नेल्सन डग्लस (१९४४–२०२१) हिच्या ‘कॅटनॅप’ (१९९२) पासूनच्या मालेत मिडनाइट लूई हा लास व्हेगासमधील काळा बोका कथेतील काही भाग स्वतः सांगतो. त्याच्या निवेदनात कठोर शहरी गुन्हेगारी कथांच्या शैलीचे मिस्कील अनुकरण आहे.

अमेरिकेबाहेर जपानमध्ये ह्या कल्पनेला मोठे यश लाभले. जिरो आकागावा (१९४८– ) ह्याने १९७८ मध्ये सुरू केलेल्या मालेतील तिरंगी मांजरीचे नाव होम्स असे आहे. कातायामा हा तिचा धनी पोलीस अधिकारी असला, तरी रक्त पाहून तो घाबरतो. त्यामुळे अधिकार असूनही तो हौशी शोधकाइतकाच दुबळा ठरतो. को-कोप्रमाणेच होम्सचा पहिला मालकही खुनाला बळी पडलेला आहे. दोन भिन्न देशांतील लेखकांनी मांजराला बळीच्या घरातूनच शोधकाकडे आणावे, हे साम्य लक्षणीय आहे. मृताच्या जीवनाचा एकच जिवंत धागा मागे उरतो व त्याचा सांभाळ करणाऱ्यावर सत्यशोधनाची नैतिक जबाबदारीही येते.

रचनातंत्र : नॉक्सच्या नियमांच्या दृष्टीने मार्जार-रहस्यकथा अडचणीची ठरते. मांजराने पुस्तक पाडणे हा अपघात आहे आणि त्याला खुनी ओळखता येणे ही अकारण अंतःप्रेरणा आहे. दोन्ही निषिद्ध होत. कुशल लेखक ह्यातून असा मार्ग काढतात, की मांजर शोधकाला उत्तर देत नाही, केवळ त्याचे लक्ष एका ठिकाणी वळविते. तेथे काय दिसते, त्याचा इतर पुराव्याशी मेळ कसा बसतो आणि खुन्याचा हेतू कोणता, हे माणसालाच ठरवावे लागते. मांजराची कृती वाचकासमोर घडत असल्याने धागा लपविल्याचा दोषही येत नाही. जेथे मांजराच्या संकेतावरच गुन्हेगार निश्चित होतो, तेथे कथा रहस्यकथा न राहता अद्‌भुतकथा होते. बोलणाऱ्या मांजरांच्या कथांत हा धोका अधिक असतो. ह्यासाठी मर्फीने जो ग्रेला साक्षीदार केले, तरी न्यायालयात उभे राहणे त्याला अशक्य ठेवले. पुरावा पोलिसांनाच गोळा करावा लागतो.

मूल्यमापन : सौम्य परंपरेवर कठोर टीका झाली आहे. रेमंड चँडलर (१८८८–१९५९) ह्याने १९४४ मध्ये लिहिलेल्या निबंधात बैठकीच्या खोलीत घडणारे हे खून कृत्रिम असल्याचे दाखवून वास्तव गुन्हेगारीचे चित्रण करणाऱ्या कथांचा पुरस्कार केला. एडमंड विल्सन (१८९५–१९७२) ह्या समीक्षकानेही १९४५ मध्ये रहस्यकथावाचनाची निरर्थकता प्रतिपादन केली. ह्याउलट डब्ल्यू. एच. ऑडन (१९०७–७३) ह्या कवीने १९४८ मधील निबंधात असे सुचविले, की खुनामुळे एका निरागस समाजाचा भंग होतो आणि अपराध्याचा शोध लागल्यावर त्या समाजाला पूर्वस्थिती लाभते. वाचकाला ह्याचेच आकर्षण असते.

मार्जार-रहस्यकथेला ही दोन्ही मते लागू पडतात. एका लहानशा गावात वर्षानुवर्षे खून होत राहावेत, हे असंभाव्य आहे. बळी पडणारी व्यक्ती पुष्कळदा अप्रिय दाखविलेली असते, म्हणून तिच्या मृत्यूचे दुःख कोणालाच फारसे होत नाही. मांजराच्या लाघवी वर्णनात मृत्यूचे गांभीर्य हरवते, हा तिचा सर्वांत मोठा दोष होय. उलटपक्षी, ह्यांतील चांगल्या कथांत मांजर गांभीर्याचेच राखणदार ठरते. रिकाम्या घरात मालकाची वाट पाहणारे, अन्न नाकारणारे मांजर खून म्हणजे केवळ कोडे नव्हे, ह्याची आठवण देत राहते. ब्राऊनच्या पहिल्या कथेमागेही एका प्राण्याचा खरा मृत्यू होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

रिचर्ड ओस्मन (१९७०– ) ह्या इंग्रज लेखकाच्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’ (२०२०) ह्या कादंबरीला लाभलेल्या लोकप्रियतेमुळे सौम्य रहस्यकथेकडे नव्याने लक्ष वेधले गेले. तीत निवृत्तांच्या वसाहतीतील चार वृद्ध खुनाचा शोध घेतात. ज्यांच्याकडे समाज दुर्लक्ष करतो, त्यांनाच सत्य दिसते, हे सूत्र मिस मार्पलपासून ह्या वृद्धांपर्यंत कायम आहे. कोपऱ्यात बसून सर्व पाहणारे मांजर हे त्याच सूत्राचे प्रतीक होय.

पहा : रहस्यकथा.