क्षयरोगाचे कारण : विद्यार्थ्यांचे आकलन आणि आपले दायित्व

'क्षय कशाने होतो?' हा प्रश्न महाविद्यालयीन विद्यार्थ्यास विचारला असता सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. विज्ञान शाखेचा विद्यार्थी 'जंतूमुळे' असे एका शब्दात सांगतो. इतर विद्यार्थ्यांकडून 'अशक्तपणामुळे', 'व्यसनामुळे', 'घराण्यात आहे म्हणून', 'उष्ट्या ताटातून' अशी उत्तरे येतात. पहिले उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. दुसऱ्या गटातील उत्तरांत तथ्य आणि भ्रम यांची सरमिसळ आहे. या दोन्हींची योग्य सांगड घालून देणे हे काम आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत होऊ शकते. नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लक्ष लोकसंख्या असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण दोन तृतीयांशाहून अधिक आहे. येथील महाविद्यालये जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. अक्राणी व अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांतील अनेक मुले-मुली वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहून शिकतात. एका खोलीत अनेकांचा निवास, वेळी-अवेळी जेवण आणि घरची माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली, ही परिस्थिती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे.

या विद्यार्थ्याचे आणखी एक स्थान ध्यानात घ्यावे. पाड्यावरील वृद्धांशी तो भिली, पावरी किंवा मावची बोलतो आणि दवाखान्यातील मराठी त्यांना समजावून देतो. त्याचे आकलन शुद्ध असेल, तर ते संपूर्ण कुटुंबापर्यंत पोहोचते. तेच चुकीचे असेल, तर चूकही तितकीच दूर जाते.

बीज : जंतू

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. फुप्फुसाचा क्षय झालेला रुग्ण खोकतो, शिंकतो वा बोलतो, तेव्हा सूक्ष्म तुषारांवाटे हे जंतू हवेत पसरतात आणि बंदिस्त, अंधाऱ्या जागेत बराच काळ तरंगत राहतात. संसर्गाचा मुख्य मार्ग श्वास हाच होय.

ही कल्पना आपल्या शास्त्राला परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पाचव्या अध्यायाच्या शेवटी एका माणसापासून दुसऱ्यास होणाऱ्या औपसर्गिक रोगांत शोषाची गणना केलेली आहे. तेथे निःश्वासाबरोबरच स्पर्श, सहभोजन, एकत्र शयन, वस्त्रे इत्यादी मार्ग सांगितले आहेत. मात्र ती गणना कुष्ठ, ज्वर, नेत्राभिष्यंद अशा अनेक रोगांसाठी एकत्रित आहे, हे विसरू नये. फुप्फुसाच्या क्षयापुरते पाहिल्यास त्यांतील निःश्वास हाच मार्ग महत्त्वाचा ठरतो. विद्यार्थी खोलीतील आजारी सोबत्याचे ताट-पेला वेगळा करतात आणि खिडकी मात्र बंदच ठेवतात. ताट वेगळे केल्याने रोग टळत नाही, रुग्ण मात्र दुखावतो. खिडकी उघडली, खोकताना तोंडावर रुमाल धरला आणि थुंकीची तपासणी झाली, तर खरे संरक्षण होते.

क्षेत्र : शरीर

जंतू शरीरात गेलेल्या प्रत्येकास रोग होत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच तो होतो. मग इतरांना का होत नाही? येथे 'जंतूमुळे' हे एकशब्दी उत्तर अपुरे पडते. गर्भधारणेच्या संदर्भात आपल्याकडे बीज आणि क्षेत्र हे शब्द येतात. दृष्टान्तापुरते ते येथे उसने घेतल्यास जंतू हे बीज आणि शरीर हे क्षेत्र म्हणता येईल.

चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या सहाव्या आणि चिकित्सास्थानाच्या आठव्या अध्यायात साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन असे चार हेतू सांगितले आहेत. आपल्या बळापलीकडचे श्रम, धातूंचा ऱ्हास आणि अवेळी, अपुरे, विसंगत अन्न या तिन्हींचे चित्र सुटीत ऊसतोडीस जाणाऱ्या व एरवी एकवेळच्या जेवणावर राहणाऱ्या विद्यार्थ्यात सहज दिसते. वेगसंधारणाचे विवेचन स्रोतोरोधाच्या आपल्या परिभाषेतच करावे; त्यास ओढूनताणून आधुनिक अर्थ चिकटवण्याचे कारण नाही.

कुपोषण व क्षय यांच्या संबंधास अलीकडे भक्कम पुरावा मिळाला आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली लॅन्सेट नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना पूरक शिधा दिला असता त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. कुपोषणाखेरीज मधुमेह, एचआयव्ही बाधा, तंबाखू आणि मद्य यांमुळेही क्षेत्र दुर्बळ होते.

तथापि या चार हेतूंचा अर्थ चुकीचा लावला गेल्यास हानी होते. 'श्रमामुळे अशक्तपणा आला, टॉनिक घ्या' एवढेच ऐकून परतलेला विद्यार्थी आपला रोग संसर्गजन्य नाही असे समजतो आणि त्याच खोलीत आणखी काही आठवडे खोकत राहतो. चंद्र व दक्षकन्यांच्या कथेवरून हा रोग स्वैराचाराचे फळ आहे, असाही समज होतो. त्यातून दोषारोप होतो, विशेषतः विवाहयोग्य मुलींच्या बाबतीत रोग लपवला जातो. क्षय हा पापाचा वा आनुवंशिक दोषाचा परिणाम नव्हे. एका घरात अनेकांना तो होतो, कारण ते एका छताखाली एकच हवा घेतात आणि बहुधा एकाच टंचाईत जगतात.

विलंबाची किंमत

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे वयाच्या एकविसाव्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले. जंतूचा शोध लागून तेव्हा सुमारे पाच वर्षे होत होती. परंतु त्यावर औषध नव्हते. प्रभावी औषध मिळण्यास १९४० च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. आज औषधांना दाद देणारा क्षय सामान्यतः सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो आणि ही औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. म्हणून आजच्या विद्यार्थ्याचे नुकसान बहुतांशी निदानाच्या विलंबाने किंवा अर्धवट सोडलेल्या औषधाने होते. हा विलंब अनेकदा आपल्याच दाराशी घडतो.

चिकित्सालय आणि औषधालय

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ज्वर, वजन घटणे, रात्री घाम येणे, थुंकीतून रक्त पडणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास थुंकीच्या तपासणीसाठी पाठवावे. सीबीनॅट वा ट्रूनॅट चाचणीने जंतूबरोबरच रिफॅम्पिसिन या औषधास असलेला त्याचा प्रतिरोधही समजतो. त्रिरूप राजयक्ष्म्यात सांगितलेली अंसपार्श्वपीडा, हातापायांच्या तळव्यांचा दाह आणि ज्वर ही लक्षणे आपल्या परिचयाची आहेत. ती दिसताच तपासणीचा विचार मनात यावा. सितोपलादि चूर्णाने कास शमला म्हणून तपासणी पुढे ढकलू नये. अशा खोकल्यासाठी लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखी औषधेही देऊ नयेत. त्यांनी क्षयाची लक्षणे तात्पुरती दबतात आणि निदान लांबते.

क्षयविरोधी औषधे चालू असलेल्या रुग्णास आपली औषधी द्यावयाची असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. सितोपलादि चूर्णात पिप्पली असते आणि तीतील पायपरीन या घटकामुळे रिफॅम्पिसिनचे शोषण वाढते. याच गुणाचा उपयोग करून भारतात संयुक्त औषधही तयार झाले आहे. म्हणजे आपली द्रव्ये निष्क्रिय नाहीत, आणि म्हणूनच ती विचारपूर्वक द्यावीत. बृंहण आहार, अग्निरक्षण आणि बलवर्धन हे आपले क्षेत्र आहे. जंतुनाशक औषधाची जागा मात्र त्यांनी घेऊ नये.

औषधविक्रेत्यांचे दायित्व कायद्यानेही निश्चित झाले आहे. क्षयाची नोंद कळविणे २०१२ पासून बंधनकारक असून मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ते औषधविक्रेत्यांसही लागू झाले. मार्च २०१४ पासून क्षयविरोधी औषधे एच-१ अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. हे केवळ कागदी काम नव्हे. निक्षय प्रणालीत नोंद झालेल्या रुग्णाचे कुटुंब गुजरातेत ऊसतोडीस गेले, तरी तेथे उपचार पुढे चालू ठेवता येतो. शिवाय निक्षय पोषण योजनेतून मिळणारे दरमहा साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १००० रुपये झाले आहे. नोंद न झालेला विद्यार्थी यास मुकतो.

खोकल्याचे औषध मागण्यास आलेल्या विद्यार्थ्यास 'किती दिवसांपासून?' एवढे विचारावे. उत्तर दोन आठवड्यांच्या पुढचे आले, तर बाटलीऐवजी तपासणीच्या ठिकाणाचा पत्ता द्यावा. हा रोग श्वासावाटे येतो, दुबळ्या शरीरात रुजतो आणि पूर्ण उपचाराने जातो, ही तीन वाक्ये त्यास सांगावीत. सुटीत घरी गेल्यावर तो ती आपल्या बोलीत पाड्यावर सांगेल.