धरणाचा काठ कोणासाठी?

भंडारदऱ्याच्या जलाशयाकडे तोंड असलेल्या खोलीत एक रात्र काढायची, तर आज जे भाडे मोजावे लागते ते शेजारच्या पाड्यावरील मजुराच्या कित्येक दिवसांच्या रोजाइतके असते. ही तफावत केवळ मजुराचीच नाही. घोटीपर्यंत रेल्वेने व पुढे एस.टी.ने येणाऱ्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या कुटुंबालाही हा काठ हळूहळू परका होत चालला आहे.

प्रवरेवरचे हे धरण 1910 साली हाती घेतले गेले व 1926 साली पुरे झाले. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. त्याचे पाणी प्रामुख्याने खालच्या ऊसमळ्यांकडे वाहत गेले आणि ज्या खोऱ्यात ते साठले तेथील महादेव कोळी, ठाकर कुटुंबांच्या वाट्याला जलाशयाचे दर्शन तेवढे उरले. आता त्या दर्शनालाही बाजारभाव आला आहे! काजव्यांच्या दिवसांत आणि पावसाळी सुट्ट्यांत तर तो अधिकच चढतो.

श्रीमंतांसाठी वेगळी वसाहत उभारण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीत गोल्फचे मैदान, बंगले आणि वेशीवर पहारा असा थाट होता. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा घेणारा पुढे आला नाही. वरसगाव धरणाकाठच्या लवासाचे प्रकरण 2018 साली दिवाळखोरीच्या कज्ज्यात गेले. भंडारदऱ्याला अजून तेवढे भव्य संकट आलेले नाही, हे खरे. पण कुंपण एकदम पडत नाही, खांबाखांबाने पडते.

आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाऊ नये म्हणून 1974 साली कायदा कडक झाला. विक्रीच काय, भाडेपट्टाही जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीविना करता येत नाही. मात्र मालक कागदावर आणि व्यवहार दुसऱ्याच्या हाती, अशी युक्ती निघाल्यास हे कलम हतबल ठरते. तेव्हा तंबू टाकून पिठले-भाकरी वाढणाऱ्या स्थानिक तरुणांकडे यंत्रणेने केवळ अतिक्रमण म्हणून पाहू नये. त्यांचे तंबू हीच येथील स्वस्त निवासाची मुख्य सोय आहे. कचरा, शौचालये, कर्कश संगीत यांवर नियम हवेतच. परंतु ते मोठ्या मालकांनाही तितकेच लागू व्हावेत. 1975 साली स्थापन झालेल्या पर्यटन विकास महामंडळाने आपल्या येथील निवासात काही खोल्या तरी सामान्यांना झेपतील अशा दरात राखाव्यात.

आणि जलाशयाच्या कडेने सर्वांसाठी खुली वाट कोठून व किती रुंद जाईल, हे जलसंपदा खात्याने आजच नकाशावर आखावे. कुंपणे पडल्यानंतर तीच वाट कोर्टाच्या तारखांतून शोधावी लागेल.