पाकिटावर ‘लो सोडियम’ लिहिलंय? सूप-स्टॉक घेण्याआधी मागची बाजू वाचा

घरात कुणाला बीपीचा त्रास असेल, तर डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात : मीठ कमी करा. मग लोणचं, पापड बंद होतात. पण ‘आज हलकंच खाऊया’ म्हणून आपण रेडिमेड सूपचं पाकीट फोडतो किंवा पुलावात स्टॉकचा क्यूब टाकतो. नेमकं तिथेच मीठ मागच्या दाराने परत येतं.

दिवसाला किती मीठ चालतं?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार, प्रौढ व्यक्तीने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं. म्हणजे साधारण ५ ग्रॅम, जेमतेम एक चमचा मीठ. लेबलवर सोडियमचा आकडा असतो, मिठाचा नाही. त्यामुळे एक सोपं गणित लक्षात ठेवा : सोडियम गुणिले अडीच म्हणजे मीठ. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

‘रिड्यूस्ड’ आणि ‘लो’ यांत फरक काय?

खूप मोठा. अमेरिकेत ‘रिड्यूस्ड सोडियम’ म्हणजे नेहमीच्या उत्पादनापेक्षा किमान २५ टक्के कमी. मूळ ब्रॉथच्या कपात ८०० मिलिग्रॅम असेल, तर ६०० वालाही हे लेबल लावू शकतो. ‘लो सोडियम’साठी मात्र एका सर्व्हिंगमध्ये १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी लागतं. तिथे राहणाऱ्या किंवा इथे इम्पोर्टेड कार्टन घेणाऱ्यांनी हा फरक पाहायलाच हवा.

भारतात एफएसएसएआयच्या नियमानुसार ‘लो सोडियम’ म्हणायला १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम चालत नाही.

‘नो सॉल्ट अ‍ॅडेड’ म्हणजे वरून मीठ घातलेलं नाही. भाज्या, मांस यांतलं नैसर्गिक सोडियम त्यात असतंच.

लेबलवर नेमकं काय बघायचं?

१. सर्व्हिंग : आकडा किती ग्रॅमसाठी किंवा किती कपांसाठी आहे? पाकिटात चार सर्व्हिंग असतील आणि तुम्ही दोघांत संपवलं, तर आकडा दुप्पट करा.

२. आरडीए टक्के : भारतीय पाकिटांवर एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा मिळतो, ते दिलेलं असतं. सोडियमची ओळ शोधा.

३. घटकांची यादी : ज्याचं वजन जास्त, तो घटक आधी लिहितात. क्यूबच्या यादीत मीठ पहिलंच दिसलं, तर समजून जा.

४. ‘नो एमएसजी’ : हा वेगळा दावा आहे. एमएसजीत सोडियम असतं, पण मिठाच्या साधारण एक तृतीयांश. एमएसजी नसलेलं सूपही खारट असू शकतं.

५. पोटॅशियम क्लोराइड : काही उत्पादनांत मिठाऐवजी हे वापरतात. किडनीचा आजार असेल किंवा बीपीची औषधं सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

शिजवताना होणारी चूक

दोन कप तांदळाला चार कप ब्रॉथ घातलं आणि कपाला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर पातेल्यात ३२०० मिलिग्रॅम गेलं. म्हणजे ८ ग्रॅम मीठ! चौघांत वाटलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाचा ४० टक्के कोटा येतो. त्यावर सवयीने आणखी मीठ पडतंच. ब्रॉथ आटवलं की पाणी उडून जातं, सोडियम तिथेच राहतं. म्हणून मीठ शेवटी, चव बघूनच घाला. अर्धं ब्रॉथ, अर्धं पाणी घेतलं तरी बराच फरक पडतो.

घरचा पर्याय

आपल्याकडे मटण शिजवताना निघणारं अळणी पाणी हा ब्रॉथच आहे. डाळ शिजवून काढलेला कट आमटीला तसाच वापरता येतो. कोबीचा दांडा, कोथिंबिरीचे देठ, कांदा, आलं, लसूण आणि चार मिरे अर्धा-पाऊण तास उकळून गाळले, की भाज्यांचा स्टॉक तयार. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला, तर तुमचे ‘क्यूब’ही तयार! मीठ किती घालायचं ते तुमच्या हातात. कमी वाटलं, तर लिंबू पिळा.

थोडक्यात, पाकिटाच्या पुढच्या बाजूला शब्द असतात आणि मागच्या बाजूला आकडे. पुढच्या वेळी दुकानात दोन पाकिटं शेजारी धरा आणि एकाच मापाचे आकडे ताडून बघा. घरातल्या बीपीच्या पेशंटसाठी एवढा एक मिनिट नक्की काढा.